टोपलीचे मानकरी

मानाचा नारळ कोणाला द्यायचा हे ठरवायला बसलेल्या माणसांनी आजवर तो नारळ एकमेकांच्या डोक्यात घालण्यापलीकडे फारसे काही केलेले नाही. गावच्या जत्रेपासून साहित्य संमेलनापर्यंत हा अनुभव सारखाच. २०२५ च्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा निदान या एका कटकटीतून सुटलो अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच रविवारी, आमटीची दुसरी वाटी संपायच्या आत, निकालात निघाली.

लेक-जावई बॉस्टनच्या बाजूला राहतात. त्या दुपारी जावई आणि नातू यांचे आवाज चढत चढत अशा पट्टीला पोचले, की सौ.ने डाव आमटीतच सोडला. नातू चौदा वर्षांचा. मराठी चांगले बोलतो, पण रागावला की क्रियापदे विसरतो. मला वाटले, गणितात मार्क कमी पडले असणार. लेकीकडे पाहिले, तर ती शांतपणे पोळीला तूप लावीत होती.

“काही नाही हो बाबा. हॉरी चाललाय.”

“कोण चाललाय? कुठे?”

“तेच तर भांडण आहे. तो कुठेच जात नाहीये.”

उलगडा व्हायला उरलेले जेवण आणि बडीशेप पुरली. रॉबर्ट हॉरी हा बास्केटबॉलचा खेळाडू. १९९२ ते २००८ अशी सोळा वर्षे तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत खेळला. स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी बास्केटबॉलमधल्या थोरांचे ‘हॉल ऑफ फेम’ म्हणून एक देवघर आहे. त्यात हॉरीला बसवावे की नाही, यावर माझा जावई आणि त्याचा मुलगा, बहुधा मुलाला वाचा फुटल्यापासून, भांडत आले होते. हॉरीला याची कल्पना नसावी.

आता या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे तुम्ही विचाराल. माझी उंची पाच फूट चार इंच, तीही सकाळच्या वेळी. शाळेत आम्ही लंगडी आणि आट्यापाट्या खेळलो. पुढे अडतीस वर्षे बँकेत नोकरी केली, तिथे फेकाफेकी पुष्कळ होती, पण ती फायलींची. मात्र टीका करायला स्वतःला खेळता आले पाहिजे असा नियम केला, तर नाटकांची परीक्षणे लिहिणारी निम्मी मंडळी उपाशी मरतील. शिवाय मी अभ्यास केला. परदेशात लेकीकडे गेलेल्या निवृत्त माणसाला दुसरे असते काय? गाडी चालवता येत नाही, चालत जावे असे ठिकाण नाही, आणि शेजारी भेटला तर तो हवेवर बोलून आत जातो. तेव्हा रोज रात्री नातवाच्या शेजारी बसून मी जुने सामने पाहिले. पुढे जे लिहिले आहे ते माहितगाराचे नसले, तरी जागरणाचे आहे.

आधी देवघराची कुळकथा. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डमधल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ या मास्तरांपुढे अठरा दांडगट विद्यार्थी होते. बाहेर हिवाळा, आणि आत त्यांना गुंतवून ठेवील असा खेळ नाही. मास्तरांनी एक खेळ योजला आणि शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या गेल्या आणि खेळाचे नाव पडले बास्केटबॉल. पहिला सामना एक विरुद्ध शून्य असा सुटला. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की तो काढायची खटपट.

१९५९ साली मानकऱ्यांची पहिली तुकडी निवडली गेली, तीत नाइस्मिथ होतेच. देवघरच मुळी त्यांच्या नावाचे आहे. पुढे हे गृहस्थ कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, तर सामने जिंकले ५५ आणि हरले ६०. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेला प्रशिक्षक हा एकटाच, आणि खेळ शोधून काढणाराही हाच! स्वयंपाकाचे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या घरचे जेवलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

सौ.ला मी ही हकीकत सांगितली. तिने ती भाजी निवडता निवडता ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

“टोपल्या कुणी दिल्या?”

“शिपायानं.”

“मग त्याचं नाव आहे का तिथं?”

नाही. ही गोष्ट मी तिच्यापासून लपवू शकलो नाही. त्या दिवसापासून तिच्या लेखी हॉल ऑफ फेमचा निकाल लागला, आणि पुढच्या कुठल्याही वादात ती “आधी शिपायाचं बघा” एवढेच म्हणू लागली.

निवड कशी होते, हेही सांगितले पाहिजे, कारण खरी मौज तिथेच आहे. चाळण्या लावून नावे मुख्य समितीपुढे येतात. या समितीवर २४ माणसे. त्यांपैकी १८ जणांनी हात वर केला, म्हणजे गुप्तपणे वर केला, की माणूस आत. ही २४ माणसे कोण, हे जाहीर होत नाही. त्यांनी कोणाला मत दिले, हे तर नाहीच. आणि मत देताना कोणते माप लावायचे, हे बहुधा त्यांचे त्यांनाही कोणी सांगत नसावे. इतके गुण म्हणजे आत, इतकी विजेतेपदे म्हणजे आत, असा नियम नाही. आपल्याकडे पत्रिका जुळवताना गुरुजी निदान छत्तीसांपैकी किती गुण जुळले ते सांगतात. मग लग्न मोडायचे की करायचे हे घरचे लोक हुंड्यावरून ठरवतात, तो भाग वेगळा. इथे गुरुजी पडद्याआड आणि पत्रिका गुलदस्त्यात.

अमेरिकन माणसाला ही पोकळी सोसवत नाही. तो ती आकड्यांनी भरून काढतो. कुठला खेळाडू आत जाण्याची शक्यता किती टक्के, याची कोष्टके तिथे आहेत. माझ्या नातवाला ती तोंडपाठ आहेत. रामरक्षा आम्ही त्याला चार वर्षे शिकवतो आहोत.

नातवाचे म्हणणे असे. हॉरीची सरासरी सामन्याला सात गुण. सात! ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. या उलट कार्मेलो अँथनी, ज्याला २०२५ सालीच आत घेतले, त्याचे एनबीएतले गुण २८,२८९.

“आणि अजिंक्यपदं?” जावई गोड आवाजात विचारी.

“शून्य,” नातू म्हणे. “पण ते टीमचं असतं, बाबा. पॉइंट्स स्वतःचे.”

इथे जावयाचा संयम सुटे. कारण हॉरीच्या संघांनी सात अजिंक्यपदे मिळवली. ह्यूस्टनकडून दोन, लॉस एंजेलिस लेकर्सकडून तीन, सॅन अँटोनिओकडून दोन. बिल रसेलच्या जुन्या सेल्टिक्स संघातली माणसे सोडली, तर सात पदे दुसऱ्या कोणाकडे नाहीत. मायकेल जॉर्डनकडे सहा आहेत. यावर नातवाचे उत्तर तयार असे, आणि ते बिनतोड होते: हॉरीच्या शेजारी कायम कोणीतरी थोर माणूस उभा होता. ह्यूस्टनला ओलाजुवॉन, लेकर्सकडे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट, सॅन अँटोनिओत टिम डंकन. चौघेही आत आहेत. लग्नाच्या फोटोत नवरदेवाजवळ उभा राहिला म्हणून करवल्याला कोणी नवरदेव म्हणत नाही. (ही उपमा माझी. नातू अजून एकाही मराठी लग्नाला आलेला नाही.)

पहिले काही दिवस मी नातवाच्या बाजूचा होतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा म्हटला की बरे वाटते. पण मग डेनिस रॉडमन निघाला. हा गृहस्थ केस कधी हिरवे, कधी पिवळे, कधी तांबडे रंगवी. स्वतःच्या पुस्तकाच्या जाहिरातीसाठी तो नवरीचा पांढरा पोशाख घालून हिंडला होता. त्याला २०११ साली आत घेतले. त्याची सरासरी किती असेल? ७.३. म्हणजे हॉरीपेक्षा तीन दशांश गुणांनी थोर.

“पण रिबाउंड्स!” नातू ओरडला.

हे मला समजावून घ्यावे लागले. चेंडू टोपलीत न जाता कड्यावर आपटून परत येतो, तो झडप घालून पकडणे म्हणजे रिबाउंड. थोडक्यात, लोकांच्या चुका गोळा करणे. या कामात रॉडमन ओळीने सात वर्षे पहिला आला. त्याला आत घेतले ते योग्यच केले, असे मी पाहिल्यावर म्हणेन. चेंडू कुठे पडणार हे त्या माणसाला चेंडूच्या आधी कळे. पण मग गुणांचे माप एकट्याने पुरत नाही हे समितीनेच मान्य केले, नाही का? २०२१ साली तिने बेन वॉलेसला घेतले, त्याची सरासरी तर ५.७. तोही टोपली राखण्यासाठी आणि रिबाउंडसाठीच. चुका गोळा करणाऱ्याला जागा आहे, अडवणाऱ्याला जागा आहे. मग ऐन वेळी टोपलीत टाकणाऱ्याला का नाही? ऐन वेळेला रकाना नाही, म्हणून?

आता जावयाची साक्ष. तो १९९९ साली लॉस एंजेलिसला शिकायला गेला. एका खोलीत चार मुले, एक टीव्ही आणि डाळभात. २६ मे २००२ रोजी त्या टीव्हीवर त्याने जे पाहिले, ते तो मला मुलाच्या जन्माच्या हकीकतीपेक्षा जास्त तपशिलात सांगतो. लेकर्स विरुद्ध सॅक्रमेंटो. लेकर्स सुरुवातीला २४ गुणांनी मागे पडलेले. ते कसेबसे भरून काढीत शेवटच्या क्षणाला दोनच गुणांनी मागे आहेत. हा सामना गेला तर मालिकेत एक-तीन, म्हणजे कारभार आटोपल्यात जमा. कोबी ब्रायंट झेपावतो, चेंडू टोपलीत जात नाही. शकील ओनील तो परत टाकतो, तरीही जात नाही. सॅक्रमेंटोचा व्लाडे डिवाच, सात फुटांचा अनुभवी गडी, शहाणपणाने विचार करतो की चेंडू लांब ढकलून द्यावा, वेळ संपेल. तो ढकलतो. चेंडू टप्पे खात थेट जातो तो लांबच्या रेषेबाहेर एकटा उभा असलेल्या हॉरीच्या हातात, जसा काही पोस्टमनने आणून द्यावा. हॉरी टाकतो. भोंगा वाजतो. चेंडू आत. लेकर्स १००, सॅक्रमेंटो ९९. पुढे मालिका लेकर्सने जिंकली आणि अजिंक्यपदही.

“खालच्या मजल्यावरची म्हातारी काठी घेऊन वर आली होती, बाबा,” जावई म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. आमच्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी ते कोरडे होते, हे मला चांगले आठवते.

आता गंमत पाहा. तो डिवाच २०१९ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच सॅक्रमेंटो संघातला क्रिस वेबर २०२१ साली गेला. २००५ साली अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात हॉरीने डेट्रॉइटच्या घरात, जादा वेळेतले सहा सेकंद उरले असताना, असाच एक लांबचा चेंडू टाकला आणि सॅन अँटोनिओ ९६-९५ असा सामना जिंकला. त्या डेट्रॉइटमध्ये होते बेन वॉलेस आणि चॉन्सी बिलप्स. वॉलेस २०२१ साली आत, बिलप्स २०२४ साली आत. म्हणजे ज्यांच्या घरावर दरोडा पडला ते सगळे आत बसले आहेत आणि दरोडेखोर २०२५ उजाडले तरी फाटकाबाहेर उभा! मी हे मांडले तेव्हा जावयाने उठून मला मिठी मारली. एकवीस वर्षांच्या नात्यातली ही पहिलीच.

पण डिवाचला आत घेतला म्हणून जे लोक नाक मुरडतात, त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. हे देवघर एनबीएचे नाही, बास्केटबॉलचे आहे. पाटीवर तसे लिहिले आहे आणि पाटी वाचून भांडावे. डिवाचने युगोस्लाव्हियाला जगज्जेतेपद मिळवून दिलेल्या संघांत खेळला, आणि युरोपातून येऊन अमेरिकेत टिकता येते हे दाखवणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटचे तर पाहा. १९८४ साली एनबीएच्या एका संघाने त्याला निवडले. तिकडे गेले तर त्या वेळच्या नियमाने देशाकडून खेळता येणार नव्हते, म्हणून हा गेलाच नाही. पाच ऑलिंपिक खेळला. एनबीएचा एकही सामना नाही, आणि २०१३ साली आत.

सौ.चे मत मिळाले ते मात्र लुशिया हॅरिसला. १९७६ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला, त्यातले पहिले गुण या मुलीचे. १९७७ साली न्यू ऑर्लिन्सच्या पुरुषांच्या संघाने तिचे नाव निवडले. ती गेली नाही. तिला दिवस गेले होते. १९९२ साली तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. सौ.ने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्या पुरुषांनी आपणहून बोलावलं? आणि ती नाही म्हणाली?” मग बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. शिपायाला तिने त्या दिवशी सुटी दिली.

एका गोष्टीवर मात्र मी समितीला माफ करणार नाही. २०२५ च्या तुकडीत तिने अँथनी आणि ड्वाइट हॉवर्ड यांना घेतले, ते ठीक. पण त्याच तुकडीत २००८ च्या ऑलिंपिकचा अख्खा अमेरिकन संघही घेतला, ज्यात हे दोघे होतेच. म्हणजे एकाच पंगतीत एकाच माणसाची दोन पाने. एक नावाचे, एक गावाचे. बाहेर माणसे ताटकळत असताना आत बसलेल्याला दुसरा लाडू वाढणे हा आग्रह नव्हे. तुम्ही म्हणाल, संघाचा मान वेगळा. असेल. पण मग संघामुळे जिंकला म्हणून हॉरीला बाहेर ठेवता आणि संघामुळे जिंकला म्हणून अँथनीला दोनदा आत घेता, हा हिशेब मला जुळवून दाखवा.

ऑगस्टात एका शनिवारी आम्ही स्प्रिंगफील्डला गेलो. गाडीने दीड तास. हमरस्त्याच्या कडेला, कनेक्टिकट नदीजवळ एक प्रचंड रुपेरी चेंडू जमिनीतून अर्धवट वर आल्यासारखी ती इमारत आहे. आत घुमटाखाली मानकऱ्यांच्या तसबिरी, आणि खाली खरेखुरे मैदान, जिथे कोणीही चेंडू टाकून पाहावा. माझी मान वर करून दुखू लागली. इतके थोर पुरुष आणि स्त्रिया एकाच वेळी आपल्याकडे पाहत आहेत ही भावना मला बँकेच्या वार्षिक तपासणीनंतर प्रथमच झाली.

तिथे नातवाने मला बिल रसेलपुढे उभे केले. नातू सेल्टिक्सचा भक्त. रसेल हे त्याचे कुलदैवत. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे. १९७५ साली रसेलची निवड झाली, खेळाडू म्हणून निवडला गेलेला पहिला काळा माणूस. आणि तो गेला नाही. समारंभालाही नाही, अंगठी घ्यायलाही नाही. चव्वेचाळीस वर्षे. शेवटी २०१९ साली त्याने ती अंगठी चार मित्रांदेखत, गाजावाजा न करता घेतली, आणि तेव्हा सांगितले की हा मान आपल्या आधीच्या कोणाला तरी आधी मिळायला हवा होता, असे आपल्याला वाटले होते. त्या वर्षी चक कूपरची निवड झाली होती. डिवाचच्याच तुकडीत.

“चक कूपर कोण?” मी विचारले.

कूपर हा एनबीएच्या संघाने निवडीत घेतलेला पहिला काळा खेळाडू. साल १९५०, संघ बॉस्टन सेल्टिक्स. दक्षिणेतल्या गावांत सामने असले की बाकीच्या संघाबरोबर हॉटेलात उतरायची सोय नसे. सहा हंगाम खेळला. १९८४ साली वारला. त्याच्या नावाची हाक आली ती त्यानंतर पस्तीस वर्षांनी.

नातवाने सवयीने फोन काढला, आकडा पाहिला आणि गप्प झाला.

“किती रे?” जावयाने विचारले. या वेळी गोड आवाजात नव्हे.

“सहा पॉइंट सात.”

हॉरीपेक्षा कमी. आम्ही तिघेही वर पाहत उभे राहिलो. कोणी काही बोलले नाही. सौ. बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतीत होती.

मला त्या वेळी आठवली ती मात्र एक वेगळीच समिती, आणि ती मी आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. येताना गाडीत सांगितली. का, ते मलाही ठाऊक नाही. बहुधा मागच्या सीटवर अंधार होता म्हणून.

१९८६ साली आमच्या बँकेचा सुवर्णमहोत्सव होता. उत्कृष्ट सेवकाला शाल, श्रीफळ आणि चांदीचे ताट द्यायचे ठरले. निवड समिती पाच जणांची, त्यात मी. नुकताच अधिकारी झालो होतो. मतदान अर्थातच गुप्त. नावे दोन आली. एक अधिकारी, ज्यांनी त्या वर्षी सर्वांत जास्त ठेवी आणल्या होत्या. दुसरे आमच्या शाखेतले एक हेडक्लार्क. यांनी एक रुपयाची ठेव आणली नव्हती. पण सहामाही क्लोजिंगच्या रात्री, दोन वाजता, लेजरांचा ढीग पडलेला, बेरजा जुळत नाहीत, साहेबांच्या डोळ्यांत पाणी, अशा वेळी सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमत. ते चष्मा कपाळावर सरकवून विचारीत, “फरक किती?” आकडा सांगितला की मनातल्या मनात भागत. “नऊनं भाग जातोय. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.” आणि शेकडो व्हाउचरांतून ते पंचेचाळीसचे चोपन्न झालेले बरोबर हुडकून काढीत. मग सगळ्यांना चहा, आणि पहाटेची पहिली बस. अशा किती रात्री त्यांनी तारल्या याचा रकाना बँकेच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. ठेवींचा होता.

ताट ठेवीवाल्यांना मिळाले. नोटीसबोर्डावर लागले: समितीने एकमताने निवड केली आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पाचही जणांनी त्या हेडक्लार्कना जिन्यात, कँटीनमध्ये, सायकलस्टँडवर, असे वेगवेगळे गाठले आणि खासगीत सांगितले की, माझे मत तुम्हालाच होते. मी तिसरा होतो की चौथा, कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “साहेब, बेरीज जुळत नाही. आणि फरकाला नऊनं भागही जात नाही.”

त्यापुढची बावीस वर्षे नोकरीत मी त्यांच्याशी हवापाण्याखेरीज बोललो नाही. त्यांनी मात्र पुढच्या क्लोजिंगला नेहमीसारखाच फरक काढून दिला होता.

गाडीत थोडा वेळ नुसता टायरांचा आवाज होता. सौ. झोपली आहे असे मला वाटले होते.

“आणि ते ताट,” ती म्हणाली, “मला तुम्ही सांगितलंत की, ठेवीवाल्यांना तुम्ही मत दिलं नाही म्हणून.”

जावयाने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि ताबडतोब रस्त्याकडे पाहू लागला. जावई शहाणा आहे.

नातू बराच वेळ फोनशी खेळत होता. घर जवळ आले तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, मी हॉरीला व्होट देतो. म्हणजे, द्यायचं असतं तर.”

“खरंच देशील?”

तो अंधारात हसला असावा.

“ते सीक्रेट असतं, आजोबा.”